सार्वजनिक ग्रंथालये आणि समाजाची उन्नती

(संस्थेच्या वार्षिक व्याख्यानमालेत विहाराच्या सभागृहात दिलेल्या भाषणाचा पाठ)



आम्ही काही व्याख्याते नाही. पेशाने बँकेतील कारकून. खाती उघडणे, स्लिपा तपासणे, पासबुकावर नोंदी करून देणे यात आमचे दिवस जातात. कला शाखेची पदवी घेतली तेव्हा वाचनाची गोडी लागली, ती नोकरीतही सुटली नाही, एवढीच काय ती आमची पात्रता. चिटणीस साहेबांनी 'तुम्ही वाचता, तर वाचनावरच बोला' असा आग्रह धरला, म्हणून हे धाडस.

परंतु विषय निवडण्यामागे आणखी एक कारण आहे. ते आडपडदा न ठेवता सांगतो. या सभागृहाला लागून जी खोली आहे, तिच्या दारावर 'वाचनालय' अशी पाटी आहे. आत पाच कपाटे आहेत. देणगीदारांची नावे कपाटांवर रंगवलेली आहेत. या भाषणाच्या तयारीसाठी आम्ही किल्ली मागून घेतली आणि देवघेवीचे रजिस्टर उघडले. शेवटची नोंद पावणेदोन वर्षांपूर्वीची निघाली. येत्या कार्यकारिणीच्या सभेपुढे ही खोली छोट्या समारंभांसाठी भाड्याने द्यावी असा प्रस्ताव आहे. प्रस्ताव मांडणारे आमचे मित्रच आहेत आणि त्यांचा हेतू वाईट नाही. भाड्याच्या पैशातून गरजू मुलांना शिष्यवृत्ती देता येईल, असे ते म्हणतात. बंद खोलीपेक्षा चालू शिष्यवृत्ती बरी, या म्हणण्यात तथ्य आहे. म्हणून आज आम्ही विचार करणार आहोत तो असा की, ग्रंथालयाने समाजाची उन्नती खरोखर होते काय? जगात कोठे झाली? झाली असेल तर कशामुळे झाली?

आमच्या वाचनातून आम्हाला तीन गोष्टी महत्त्वाच्या वाटल्या. ग्रंथालयाचे दार, ग्रंथालयातील माणूस आणि ग्रंथालयाचा खर्च. याच क्रमाने बोलतो.

दार

लहानपणी आम्ही तालुक्याच्या गावी राहत होतो. वडील नगरपालिकेत सफाई कामगार होते. गावात एक जुने वाचनालय होते. सातवीत असताना आम्ही तेथे सभासद होण्यासाठी गेलो. टेबलाशी बसलेल्या गृहस्थांनी दोन गोष्टी सांगितल्या. अनामत रक्कम भरावी लागेल आणि दोन जुन्या सभासदांच्या सह्या जामीन म्हणून आणाव्या लागतील. आमच्या वस्तीत एकही सभासद नव्हता. मग सह्या आणायच्या कोणाच्या? त्या नियमात जातीचा उल्लेख कोठेही नव्हता. तरी वस्तीतील एकही मूल त्या दारातून आत जाऊ शकत नव्हते. शेवटी शाळेतील एका गुरुजींनी स्वतः सही केली, दुसऱ्या एका शिक्षकाकडून सही मिळवली आणि अनामतही भरली. ते नसते तर आज हे भाषण झाले नसते.

'सार्वजनिक' या शब्दाची किंमत आपल्या समाजाला कोणी शिकवण्याची गरज नाही. १९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर बोले यांचा ठराव मंजूर झाला आणि सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना कागदावर खुले झाले. पण चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी २० मार्च १९२७ उजाडावा लागला आणि बाबासाहेबांना हजारो माणसांसह महाडला जावे लागले.

विद्यार्थी मित्रांनो, ग्रंथालयाच्या दारातही असेच सत्याग्रह झाले आहेत, हे आपल्यापैकी थोड्यांना ठाऊक असेल. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. तेथील ग्रंथालयात ते तासन्‌तास बसत. परंतु त्याच देशाच्या दक्षिण भागात त्याच काळात कृष्णवर्णीय माणसाला शहराच्या ग्रंथालयात प्रवेश नव्हता. ग्रंथालय कराच्या पैशावर चाले, कर कृष्णवर्णीयही भरत, पण पुस्तके मात्र गोऱ्यांसाठी असत.

रिचर्ड राइट हे पुढे थोर लेखक झाले. महाडचा सत्याग्रह झाला त्याच वर्षी, म्हणजे १९२७ साली, ते मेम्फिस शहरात एका दुकानात हरकाम्या होते. वय अठरा-एकोणीस. गोऱ्यांसाठी पुस्तके आणून देणारा पोऱ्या म्हणून ग्रंथालयात जाता येई, स्वतःसाठी पुस्तक मागता येत नसे. मग त्यांनी काय केले? एका गोऱ्या सहकाऱ्याने आपले कार्ड गुपचूप त्यांना दिले. राइट त्याच्या नावाने चिठ्ठी लिहीत आणि 'मालकांनी मागवली आहेत' असे भासवून पुस्तके घरी आणीत. १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या 'ब्लॅक बॉय' या आत्मचरित्रात हा प्रसंग आहे. वाचावयाचे म्हणून ज्याला खोटी चिठ्ठी लिहावी लागली, त्या मुलाची पुस्तके आज जगभरच्या ग्रंथालयांत आहेत.

दुसरी घटना व्हर्जिनिया राज्यातील अलेक्झांड्रिया या गावची. तेथे १९३७ साली नवे ग्रंथालय उघडले. सॅम्युअल टकर हे तेथील तरुण कृष्णवर्णीय वकील. कायद्याच्या महाविद्यालयात न जाता, एका कार्यालयात बसून, स्वतः अभ्यास करून ते वकील झाले होते. त्यांनी पाच तरुणांची तयारी करून घेतली. २१ ऑगस्ट १९३९ रोजी हे पाच जण नीटनेटके कपडे करून एकामागून एक ग्रंथालयात गेले. प्रत्येकाने सभासदत्वाचे कार्ड मागितले. नकार मिळताच प्रत्येकाने फळीवरून एक पुस्तक काढले, वेगवेगळ्या टेबलांशी बसले आणि शांतपणे वाचू लागले. पोलीस आले. ग्रंथालयात बसून पुस्तक वाचल्याबद्दल पाच माणसांना अटक झाली आणि आरोप ठेवण्यात आला तो शांतताभंगाचा!

पुढे काय घडले ते अधिक महत्त्वाचे आहे. न्यायालयाने निकाल लांबवला. नगरपालिकेने १९४० साली कृष्णवर्णीयांसाठी वेगळे, लहान ग्रंथालय बांधले आणि त्यात जुने फर्निचर व जुनी पुस्तके ठेवली. टकर यांनी त्या वेगळ्या ग्रंथालयाचे कार्ड घेण्यास नकार दिला. त्यांना मुख्य ग्रंथालयाचा हक्क हवा होता. त्या पाच जणांवरील आरोप अधिकृतरीत्या रद्द होण्यास २०१९ साल उजाडले. म्हणजे ऐंशी वर्षे!

तिसरी घटना एका नऊ वर्षांच्या मुलाची. १९५९ साली साउथ कॅरोलिनातील लेक सिटी या गावात रोनाल्ड मॅकनेअर नावाचा मुलगा विज्ञानाची पुस्तके घेण्यासाठी ग्रंथालयात गेला. कृष्णवर्णीयांना पुस्तके मिळणार नाहीत, निघून जा, नाहीतर पोलिसांना बोलावू, असे त्याला सांगण्यात आले. मुलगा हलला नाही. तेथेच बसून राहिला. पोलीस आले, आई आली, आणि अखेर पुस्तके त्याला मिळाली. हा मुलगा पुढे भौतिकशास्त्राचा डॉक्टर झाला आणि १९८४ साली अवकाशात गेला. १९८६ साली चॅलेंजर यानाच्या अपघातात त्यांचा अंत झाला. जेथून त्यांना हुसकावले जात होते, त्या जुन्या इमारतीला आज त्यांचे नाव आहे.

माणूस

दार उघडले म्हणजे काम संपले असे नाही. आपल्या खोलीचे दार कोणासाठीच बंद नव्हते. तरी कोणी आले नाही. म्हणून दुसरी गोष्ट माणसाची.

केंटकी राज्यातील लुईव्हिल शहरात आल्बर्ट मेझीक या कृष्णवर्णीय मुख्याध्यापकांनी आपल्या लोकांना ग्रंथालय मिळावे ही मागणी लावून धरली. तेथेही वेगळी शाखाच मिळाली. ही शाखा १९०५ साली एका घरातील भाड्याच्या तीन खोल्यांत सुरू झाली आणि १९०८ साली स्वतःच्या इमारतीत गेली. तिचे प्रमुख होते थॉमस फाउंटन ब्लू. त्यांचे आईवडील गुलामगिरीत जन्मलेले. ग्रंथालयाचे सर्व कामकाज कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांनीच चालवावे, असे हे अमेरिकेतील पहिले सार्वजनिक ग्रंथालय समजले जाते. ब्लू यांनी १९३५ साली मृत्यू येईपर्यंत तीस वर्षे त्याची धुरा वाहिली.

वेगळेपणाचा अन्याय तेथे होताच, तो नाकारण्याचे कारण नाही. पण त्या अन्यायाच्या चौकटीतही ब्लू यांनी काय काय केले ते पाहा. केवळ पुस्तके देणे-घेणे एवढ्यावर ते थांबले नाहीत. इमारतीत सभेसाठी खोल्या होत्या. तेथे वस्तीतील मंडळे भरत, वादविवाद होत. रेचल हॅरिस या त्यांच्या सहकारी बाईंनी मुलांसाठी गोष्टींचे तास सुरू केले. मुलांच्या कथाकथनाच्या स्पर्धा होत. शाळांतून पुस्तकांचे संच पाठवले जात. आणि सर्वांत मोठे काम म्हणजे, ग्रंथपालाचे शिक्षण देणारी संस्था कृष्णवर्णीयांना उपलब्ध नव्हती तेव्हा ब्लू यांनी आपल्याच शाखेत प्रशिक्षणाचा वर्ग चालवला. दक्षिणेतील इतर शहरांतून तरुण-तरुणी तेथे शिकण्यास येत आणि परत जाऊन आपापल्या गावी ग्रंथालये चालवीत. उन्नती म्हणतात ती याला. एका वस्तीतील तीन खोल्यांतून अनेक शहरांना ग्रंथपाल मिळाले.

न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील गोष्टही अशीच. आर्तुरो शॉम्बर्ग हे मूळचे पोर्टो रिकोचे. त्यांच्याविषयी असे सांगतात की, शाळेत असताना एका शिक्षकाने 'काळ्या लोकांना इतिहास नाही, थोर पुरुष नाहीत' असे उद्गार काढले. ते शॉम्बर्ग यांच्या मनाला लागले. पुढे ते बँकेच्या टपाल विभागात नोकरीला होते. (येथे आम्हा बँकवाल्यांना थोडा अभिमान वाटू द्यावा!) पगारातून त्यांनी आफ्रिकी वंशाच्या लोकांनी लिहिलेली पुस्तके, पत्रे, चित्रे जगभरातून जमवली. १९२६ साली हा हजारोंचा संग्रह दहा हजार डॉलरना घेण्यात आला आणि हार्लेममधील १३५ व्या रस्त्यावरील सार्वजनिक ग्रंथालयात ठेवण्यात आला. आज त्याचे मोठे संशोधन केंद्र झाले आहे. ज्यांना इतिहास नाही असे म्हटले गेले, त्यांचा इतिहास शोधण्यासाठी आता जगातील विद्वान तेथे जातात.

आपल्या देशात केरळचे पी. एन. पणिक्कर यांचे नाव घेतले पाहिजे. ते प्राथमिक शिक्षक होते. गावोगाव पायी फिरून त्यांनी वाचनालये उभी केली. १९४५ साली त्रावणकोरमध्ये सत्तेचाळीस वाचनालयांचा संघ स्थापन झाला. पुढे तो राज्यभर पसरला आणि वाचनालयांची संख्या हजारांत गेली. केरळातील गावचे वाचनालय म्हणजे वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवण्याची जागा, प्रौढ साक्षरतेचा वर्ग, चर्चेचा कट्टा. १९९१ साली केरळ संपूर्ण साक्षर जाहीर झाले त्यात सरकार, शिक्षक, स्वयंसेवक अशा अनेकांचा वाटा आहे. पण त्या कामासाठी जमीन आधीच नांगरून ठेवली होती ती या वाचनालयांनी. पणिक्करांचा स्मृतिदिन, १९ जून, तेथे वाचन दिन म्हणून पाळला जातो.

आणि ज्यांच्याकडे ना इमारत ना पैसा, त्यांनी काय करावे? दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशात लुईस सोरियानो नावाचे एक खेड्यातील शिक्षक आहेत. त्यांच्या भागात सशस्त्र टोळ्यांचा उपद्रव होता. घरी पुस्तक नसल्याने मुले मागे पडतात हे पाहून, आपल्याजवळच्या सत्तर पुस्तकांनिशी त्यांनी काम सुरू केले. दोन गाढवे घेतली. एकाचे नाव आल्फा, दुसऱ्याचे बेतो. दोन्ही मिळून त्यांच्या भाषेत 'मुळाक्षरे' होतात. गाढवांच्या पाठीवर पुस्तके लादून ते डोंगरातील वाड्यावस्त्यांवर जातात, मुलांना वाचून दाखवतात, पुस्तके देतात, जुनी परत घेतात. केनियाच्या दुष्काळी भागात १९९६ पासून उंटांवरून पुस्तके नेण्याचे काम तेथील राष्ट्रीय ग्रंथालयाने केले. वाचक येत नसेल तर पुस्तकाने जावे, एवढा साधा विचार त्यामागे आहे.

खर्च

आता तिसरी गोष्ट. बँकेतील माणसाची नजर अखेर खर्चाच्या रकान्यावर जातेच.

अँड्र्यू कार्नेगी हे अमेरिकेतील पोलादाचे सम्राट. लहानपणी ते तारा पोहोचवणारे गरीब पोरगे होते. कर्नल जेम्स अँडरसन नावाचे गृहस्थ आपली चारशेएक पुस्तके दर शनिवारी काम करणाऱ्या मुलांसाठी खुली करीत. आपल्यासारख्या तारवाल्या मुलांना वर्गणी मागितली जाते, हे अन्यायाचे आहे, असे पत्र कार्नेगींनी त्या वयात वर्तमानपत्राला लिहिले आणि नियम बदलून घेतला. त्या ऋणाची आठवण ठेवून पुढे त्यांच्या पैशातून जगभरात अडीच हजारांहून अधिक ग्रंथालयांच्या इमारती झाल्या.

परंतु कार्नेगींची एक अट होती. इमारतीला पैसा मी देतो. जागा गावाने द्यावी आणि इमारतीच्या खर्चाच्या दहा टक्के रक्कम गावाने दरवर्षी आपल्या करातून खर्च करावी. पुस्तके, पगार, देखभाल सारे त्यातून. काही गावांनी या अटीमुळे देणगी नाकारली. ज्यांनी स्वीकारली, त्या गावांना ग्रंथालय दरवर्षी आपल्या अंदाजपत्रकात धरावे लागले. आमच्या मते त्या देणगीतील खरे शहाणपण या दहा टक्क्यांत होते.

याला दुसरी बाजूही आहे, तीही सांगितली पाहिजे. १८९२ साली होमस्टेड येथील कार्नेगींच्या कारखान्यात संप चिरडण्यात आला, माणसे मेली. पुढे तेथे सुंदर ग्रंथालय झाले. बारा-बारा तास भट्टीपुढे राबणारा कामगार वाचणार केव्हा, असे तेव्हाही लोक विचारीत. दात्याच्या मर्जीवर अवलंबून असलेले ग्रंथालय आणि समाजाने स्वतः उभे केलेले ग्रंथालय यांत फरक राहतोच.

म्हणून इंग्लंडने कायद्याचा मार्ग धरला. १८५० साली तेथे सार्वजनिक ग्रंथालयांचा पहिला कायदा झाला. त्यासाठी झटणाऱ्यांत एडवर्ड एडवर्ड्स होते. ते गवंड्याचे चिरंजीव. या कायद्याने मोठ्या शहरांना पौंडामागे अर्धा पेनी इतका कर ग्रंथालयासाठी बसवता येऊ लागला. आपल्या देशात डॉ. रंगनाथन यांच्या प्रयत्नांनी १९४८ साली मद्रास राज्यात कायदा झाला, त्यात मालमत्ता करावर ग्रंथालय उपकराची तरतूद आहे. महाराष्ट्राचा कायदा १९६७ सालचा. त्यात असा उपकर नाही. आपल्याकडची बहुतेक वाचनालये संस्था चालवतात, सभासद वर्गणी देतात, शासन वर्गवारीप्रमाणे अनुदान देते. म्हणजे महाराष्ट्रात वाचनालय जगवण्याची जबाबदारी बरीचशी आपल्यासारख्या संस्थांवरच आहे.

नुसत्या इमारतीने काय होते, ते कोलंबियातील मेडेलिन शहरात पाहावे. एकेकाळी जगातील अत्यंत हिंसाचारी शहरांत त्याची गणना होई. २००४ नंतर तेथील महापौर सर्जिओ फाहार्दो यांनी सर्वांत गरीब वस्त्यांत सर्वांत चांगल्या सार्वजनिक इमारती बांधण्याचे धोरण घेतले. डोंगरावरील वस्तीला तारेवरून जाणारी गाडी मिळाली आणि २००७ साली तेथे भव्य ग्रंथालय उभे राहिले. वस्तीच्या लोकांना आपल्या पत्त्याची लाज वाटेनाशी झाली, हे मोठे काम झाले. परंतु त्या गाजलेल्या इमारतीच्या बांधकामात दोष निघाले आणि ती कित्येक वर्षे बंद ठेवावी लागली. बांधणे हा एकदाचा खर्च, चालवणे हा दरवर्षीचा. हे जो विसरतो त्याची इमारत उभी राहते, ग्रंथालय मात्र राहत नाही. आपल्याही पाच कपाटांवर देणगीदारांची नावे आहेत, पण नव्या पुस्तकांसाठी वार्षिक अंदाजपत्रकात रकाना नाही. आम्ही मुद्दाम पाहिले.

आपला वारसा

मित्रहो, हे सारे परदेशातील किंवा परप्रांतातील म्हणून बाजूला ठेवता येणार नाही. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी अमेरिकेतील ग्रंथालये पाहिली आणि १९१० साली तेथील विल्यम बोर्डन या ग्रंथपालांना बडोद्यास आणले. मध्यवर्ती ग्रंथालय झाले, गावोगाव वाचनालये झाली. गावाने वर्गणी जमवली की सरकार आणि स्थानिक मंडळ त्यात भर घालीत. जेथे वाचनालय नव्हते तेथे पुस्तकांच्या पेट्या फिरत. याच महाराजांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३ साली अमेरिकेस गेले. महाराजांपर्यंत त्यांना पोहोचवणारे केळुस्कर गुरुजी. चर्नी रोडच्या बागेत एकटाच वाचत बसणारा विद्यार्थी त्यांच्या नजरेस पडला, त्यांनी त्याला पुस्तके दिली, स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. एका वाचणाऱ्या मुलाकडे एका माणसाचे लक्ष गेले, त्यातून काय घडले ते आपण सारे जाणतो. मात्र हेही विसरू नये की, १९१७ साली बाबासाहेब नोकरीसाठी बडोद्यास गेले तेव्हा त्याच पुढारलेल्या शहरात त्यांना राहण्यास जागा मिळाली नाही. गावोगाव पुस्तके पोहोचवणाऱ्या राज्यातही माणसांची मने बंदच होती.

आणि बाबासाहेबांनी स्वतः सार्वजनिक कार्यास आरंभ केला तेव्हा काय केले? २० जुलै १९२४ रोजी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. तिच्या उद्दिष्टांत वसतिगृहांच्या बरोबरीने वाचनालये व अभ्यासवर्ग काढणे हे कार्य होते. पोटाला पुरेसे नसलेल्या समाजासाठी त्यांनी वाचनालय ही चैन मानली नाही. राजगृह बांधले तेही ग्रंथांसाठी.

आता आपण काय करावे?

कोणी म्हणेल, आता मोबाईलवर सर्व मिळते, वाचनालय कशाला? त्यांना आम्ही आमच्या काउंटरवरचा अनुभव सांगतो. महिन्यात अनेकदा आपल्याच वस्तीतील माय-बहिणी अर्ज घेऊन येतात आणि 'साहेब, एवढं भरून द्या' म्हणतात. हातात मोबाईल असतो, पण कोणता अर्ज खरा, कोणता संदेश फसवणुकीचा, हे सांगणारे कोणी नसते. फिनलंडमध्ये २०१८ साली राजधानीत नवे ग्रंथालय उघडले, तेथे पुस्तकांबरोबर शिलाई यंत्रेसुद्धा वापरण्यास मिळतात. युनेस्कोचा सार्वजनिक ग्रंथालयांविषयीचा जाहीरनामा १९४९ साली प्रथम निघाला आणि २०२२ साली नव्याने लिहिला गेला. मूळ तत्त्व तेच राहिले : ग्रंथालय सर्वांसाठी. लोकांना ज्या ज्ञानाची नड आहे ते तेथे मिळावे.

आणि शिष्यवृत्तीविषयी आमच्या मित्रांना नम्रपणे असे सांगणे आहे. शिष्यवृत्ती दोन-चार मुलांना मिळेल, आणि ती जरूर मिळावी. त्यासाठी स्वतंत्र वर्गणी काढा, पहिली पावती आमच्या नावे फाडा. परंतु घरात एकच खोली, त्यात दूरदर्शन संच चालू, अशा अवस्थेत अभ्यास करणारी मुले वस्तीत कितीतरी आहेत. ती खोली त्या सर्वांची आहे.

म्हणून कार्यकारिणीपुढे आम्ही या सूचना ठेवतो. एक, रोज संध्याकाळी दोन तास व रविवारी सकाळी वाचनालय उघडे राहावे. दोन, अनामत आणि जामीन नको. नाव आणि पत्ता पुरे. एखादे पुस्तक हरवेल, हरवू द्या. तीन, संस्थेच्या वार्षिक जमेतील दहा टक्के रक्कम दरवर्षी वाचनालयासाठी वेगळी काढावी. चार, वर्षावासात आपण विहारात ग्रंथवाचन करतोच. त्याच दिवसांत पुस्तकांची पिशवी घरोघर न्यावी, विशेषतः ज्या भगिनींना येणे जमत नाही त्यांच्याकडे. पाच, रविवारी अर्ज भरून देण्याचे व समजावून सांगण्याचे टेबल मांडावे.

पहिल्या वर्षी रविवारच्या टेबलाशी आम्ही स्वतः बसू. पण आठवड्याचे उरलेले सहा दिवस आहेत. समोर बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी सहा जणांनी एकेक दिवस वाटून घेतला, तर खोली भाड्याने देण्याचा प्रश्नच राहणार नाही. भाषण संपल्यावर नाव देण्यासाठी रजिस्टर बाहेर ठेवले आहे. तेच जुने रजिस्टर आहे. पावणेदोन वर्षांपूर्वीच्या नोंदीखाली पुष्कळ कोरी जागा आहे.

 जयभीम! नमो बुद्धाय!